गिऱ्हाईक शोधतं कुठे: गूगलवर की इन्स्टावर?



मागच्या व्हिडिओनंतर एक प्रश्न सगळ्यात जास्त आला. "सर, आता गूगलवर कोण शोधतं? सगळे इन्स्टावरच असतात. मग गूगलवरचं प्रोफाइल कशाला सांभाळायचं?" व्हिडिओत मी दोन वाक्यांत उत्तर दिलं होतं. इथे सविस्तर लिहितोय, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे आणि ती मला ऐन दिवाळीत महागात पडली.

माझी चूक काय झाली?

साताऱ्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे. तांब्या-पितळेची भांडी विकतो, कल्हईही करून देतो. एकदा कल्हईची रील टाकली. तापलेलं पातेलं, त्यावर नवसागर, भसकन निघणारा धूर, मग कथील लावून कापसाचा बोळा फिरवला की आतून चांदीसारखी चकाकी. रील तुफान चालली. व्ह्यूज लाखाच्या वर गेले. मी तर हवेतच होतो. संध्याकाळी गल्ला मोजताना अण्णा, म्हणजे माझे वडील, शांतपणे म्हणाले, "बघतात एवढे, पण येतात किती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बघणारे नागपूरचे होते, बेळगावचे होते, दुबईचेही होते. नागपूरचा माणूस पातेलं घेऊन साताऱ्याला थोडाच येणार!

पुढे दिवाळीच्या आठवड्यात कोरेगावहून एक काकू आल्या. दोन पिशव्या भरून भांडी, आणि चेहऱ्यावर वैताग. सुनेने त्यांना रील दाखवली होती. मग घरच्यांनी मॅपवर आमच्या दुकानाचं नाव टाकलं. मॅपने त्यांना नेलं आमच्या जुन्या जागेवर. तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. प्रोफाइलवरचा नंबर लावला, तर तो जुना लँडलाइन, कधीच बंद झालेला. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने रस्ता दाखवला म्हणून त्या पोचल्या. दुकान हलवून आठ महिने झाले होते आणि रील बनवायच्या नादात मी गूगलवरचा पत्ता बदललाच नव्हता.

काकू चहावाल्यामुळे पोचल्या. जुन्या शटरपासून परत गेलेले किती होते, हे मला कधीच कळणार नाही. तोटा वहीत लिहिता आला तर निदान मोजता तरी येतो. हा तर दिसलाच नाही.

त्या "४० टक्क्यां"चं खरं काय?

"तरुण पिढीने गूगल सोडलं" असं सांगताना एक आकडा हमखास फेकला जातो. आकडा खरा आहे. जुलै २०२२ मध्ये गूगलचेच वरिष्ठ अधिकारी प्रभाकर राघवन यांनी एका परिषदेत सांगितलं, की जेवायला कुठे जायचं हे शोधताना जवळपास ४० टक्के तरुण गूगल मॅप किंवा सर्चवर न जाता टिकटॉक किंवा इन्स्टाग्रामवर जातात.

पण पुढचं कोणी सांगत नाही. ती पाहणी अमेरिकेतल्या १८ ते २४ वयोगटाची होती. प्रश्न जेवायच्या जागेचा होता, नळ दुरुस्तीचा किंवा कल्हईचा नाही. टिकटॉकवर तर भारतात जून २०२० पासून बंदी आहे. आणि "आम्ही आता सगळं यूट्यूबवर शोधतो" म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवा, यूट्यूब गूगलने २००६ मध्येच विकत घेतलंय. दुकान वेगळं दिसलं, तरी मालक एकच!

गिऱ्हाईक एकच, प्रश्न तीन

काउंटरवर बसून मला जे कळलं ते असं. गिऱ्हाईकाच्या मनात तीन वेगळे प्रश्न असतात.

पहिला प्रश्न: काय घेऊ, कसं दिसतं, कसं वापरतात? याचं उत्तर डोळ्यांनी बघायचं असतं. इथे इन्स्टा आणि यूट्यूब भारी पडतात. कितीतरी वेळा माणसाने प्रश्न विचारलेलाही नसतो, रील समोर येते आणि गरज आठवते.

दुसरा प्रश्न: जवळ कुठे मिळेल, आत्ता उघडं आहे का, फोन नंबर काय? इथे माणूस खिशात पैसे घेऊन निघालेला असतो. तो मॅप उघडतो.

तिसरा प्रश्न: यांच्यावर विश्वास ठेवू का? इथे तो रिव्ह्यू वाचतो, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारतो, नाहीतर सरळ मावशीला फोन लावतो.

काकूंचंच बघा. रील, मॅप आणि चहावाला. एकाच खरेदीत तिन्ही आले. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सोशल मीडियाने सर्चची जागा घेतलेली नाही, प्रश्नांची वाटणी झाली आहे. पहिला प्रश्न बराचसा तिकडे गेला. दुसरा अजून मॅपकडेच आहे. गल्ल्यात पैसे पडायचे तर या साखळीची एकही कडी तुटून चालत नाही.

या आठवड्यात एवढं करा

१. परक्या माणसाच्या मोबाईलवरून स्वतःचं दुकान शोधा. पत्ता, नंबर, वेळ, सुट्टीचा वार, सगळं तपासा. प्रोफाइल फुकट आहे. जवळपासचे निकाल दाखवताना गूगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा मेळ, अंतर आणि तुमची ओळख किती आहे ते. अंतर तुमच्या हातात नाही. पण "भांड्यांचं दुकान" एवढ्यावर न थांबता "कल्हई करून मिळेल" हे लिहिणं हातात आहे.

२. इन्स्टावर गावाचं नाव लिहा. तिथलं सर्च तुमचं नाव, बायो, कॅप्शन, हॅशटॅग, ठिकाण यातले शब्द जुळवतं. "ओल्ड इज गोल्ड" असं कॅप्शन कोणी शोधत नाही. "साताऱ्यात पितळी भांड्यांना कल्हई" हे शोधतात. शिवाय जुलै २०२५ पासून व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट गूगलवरही दिसू शकतात. म्हणजे एक कॅप्शन दोन्हीकडे कामाला येतं.

३. काम आवडलेल्या गिऱ्हाईकाकडे तिथल्या तिथे रिव्ह्यू मागा. लाजू नका. पण विकत घेऊ नका.

४. काउंटरवर एक वही ठेवा. महिनाभर प्रत्येक नव्या गिऱ्हाईकाला विचारा, "आमच्याबद्दल कुठे कळलं? आणि इथपर्यंत कसे पोचलात?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन वेगळे रकाने करा. माझे आकडे सांगत नाही, कारण तुमचे वेगळे येतील आणि तुमच्या उपयोगाचे तेच आहेत.

आणि तुम्ही स्वतः उत्तर कुठे शोधता?

हाच नियम आपल्यालाही लागू आहे. माझ्या बॅचमधल्या मसाला करणाऱ्या एका ताईंनी रीलमधल्या लिंकवरून "उद्यम नोंदणी" केली आणि पैसे भरले. सरकारी पोर्टलवर ही नोंदणी मोफत होते. "४० लाखांपर्यंत जीएसटी नाही" हेही तसंच अर्धवट. महाराष्ट्रात ती मर्यादा माल विकणाऱ्यांसाठी आहे, सेवा देणाऱ्यांसाठी २० लाख. आणि राज्याबाहेर माल विकायचा तर साधारणपणे उलाढाल कमी असली तरी नोंदणी घ्यावी लागते. तीस सेकंदांत हे सगळं मावत नाही. गूगलवर सुद्धा वरचा निकाल कधीकधी जाहिरातच असतो, तेव्हा तिथेही डोळे उघडे ठेवा. कल्पना रीलवरून घ्या, पण पैसे, परवाना आणि कर यांचं उत्तर सरकारी पोर्टलवर किंवा आपल्या सीएकडून पक्कं करूनच घ्या.

आज दुकान बंद करण्याआधी पहिलं काम करून टाका. पाच मिनिटं लागतात. चूक सापडली तर मला नक्की कळवा. लाजायचं कारण नाही, माझी तर आठ महिने तशीच पडून होती!