दुखावलेलें मूल थोड्या दिवसांकरितां आश्रयास येतें तेव्हां

मारझोड, उपासमार किंवा त्याहूनही वाईट अत्याचार यांमुळें घरापासून दूर करावें लागलेलें मूल कांहीं आठवडे वा महिने बालगृहांत राहतें. आमच्या मंडळ्यांतील ज्या बंधुभगिनी अशा गृहांत स्वयंपाक, देखरेख किंवा शिकविण्याचें काम करितात, त्यांजकरितां हा पाठ आहे.

प्रथम त्या मुलाचें वर्तन समजून घेऊं. तें उशीखालीं भाकरी लपवितें. रात्रीं अंथरूण ओलें करितें. कोणी फळीवरील डबा काढावयास हात वर केला तरी अंग चोरतें. एखादें मूल पहिल्याच दिवशीं परक्याच्या गळ्यांत पडतें. पाहुण्यांस तें फार प्रेमळ वाटतें, पण तेंही जखमेचेंच लक्षण असूं शकतें. आम्हीं स्वतः एकदां उशीखालच्या भाकरीस चोरी म्हटलें व एका मुलास सर्वांदेखत उभें केलें. ती आमची चूक होती. उद्यां जेवण मिळेल याचा ज्याला कधीं भरंवसा नव्हता, त्यानें सांठा केला होता, इतकेंच. पुढें त्याच्या उशाशीं झांकणाचा डबा ठेवून आम्ही रोज रात्रीं त्यांत भाकरी घालूं लागलों. कांहीं दिवसांनीं सकाळीं डबा भरलेलाच सांपडूं लागला.

दुसऱ्या महायुद्धांत आन्ना फ्रॉईड व डोरोथी बर्लिंगहॅम या दोन बायांनीं लंडनमधील हॅम्पस्टेड येथें, युद्धामुळें घरांपासून तुटलेल्या मुलांकरितां 1945 पर्यंत बालगृहें चालविलीं. आरंभीं सर्व सेविका सर्व मुलांचें पाहत. मग मुलांचे लहान गट पाडून एकेक गट एकेका बाईच्या स्वाधीन केला. लागलीच शांतता पसरली काय? नाहीं, उलट मत्सर व रडें वाढलें, आपली बाई दृष्टीआड झाली कीं आकांत होई. परंतु हळूहळू तें वादळ निवळलें, आणि बोलण्यांत व स्वच्छतेच्या संवयींत मुलें पुढें गेलीं. आईबापांसही हव्या त्या वेळीं भेटीस येण्याची मोकळीक होती. त्या मुलांस मार बसला नव्हता, हा भेद खरा. तरी एका मुलाला एक ओळखीचें माणूस लागतें, हें दोहोंकडे सारखेंच. म्हणून जेवावयास वाढणारी व निजविणारी बाई शक्यतों तीच असावी. ती सुटीवर जाणार असेल तर परत कधीं येईल हें मुलाला आधींच सांगावें. “मी तुला कधीं सोडणार नाहीं” असें मात्र कोणी म्हणूं नये. तें खरें ठरणार नाहीं.

मूल आपण होऊन अत्याचाराची गोष्ट सांगूं लागलें तर ऐकावी. खोदून खोदून विचारूं नये, आणि “कोणाला सांगणार नाहीं” असें वचनही देऊं नये. लैंगिक अत्याचार असल्यास 2012 च्या कायद्याप्रमाणें पोलिसांस कळविणें प्रत्येकावर बंधनकारक आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणें निराधार मुलास चोवीस तासांच्या आंत (प्रवासाचा वेळ सोडून) बालकल्याण समितीपुढें न्यावें लागतें. कितीही दया आली तरी त्याला परस्पर आपल्या घरीं ठेवूं नये. मदतीसाठीं 1098 हा क्रमांक आहे. बालगृहांत शिस्तीसाठीं मुलास मारणें हाही याच कायद्यानें गुन्हा आहे.

मूल परत जाण्याचा दिवस त्याच्यापासून लपवूं नये. त्याचे कपडे पोत्यांत कोंबूं नयेत, पिशवींत नीट घडी करून घालावे. आणि उशाशीं डबा ठेविला असेल तर तोही बरोबर द्यावा.