गाळणीभर मासे म्हणजे किती?

गेल्या पावसाळ्यात मामांबरोबर मत्स्यबीज केंद्रावर गेले होते. मामांचं शेततळं खानापूरजवळ, वीस गुंठ्यांचं. कटला, रोहू, मृगळ एकत्र वाढवायचे तर हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकल्या सोडतात. त्या हिशेबानं मामांना 2,000 हव्या होत्या.

विक्रेता सारखा ‘मीनु मरी’ म्हणत होता. कन्नडमध्ये मरी म्हणजे पिल्लू, आपल्याकडे मरी म्हणजे साथीचा रोग! मामी दचकलीच. मराठीनं मात्र या पिल्लांना नावं छान दिली आहेत. अंड्यातून नुकतंच निघालेलं ते जिरे, इंचभर झालं की बीज आणि बोटाएवढं झालं की बोटुकली. जिरे कोण एकेक मोजणार? म्हणून मोजणी मापानं होते.

आमचीही तशीच झाली. पहिली गाळणी मोजली, 95 निघाल्या. मग न मोजता आणखी वीस गाळण्या. 21 गुणिले 95 म्हणजे 1,995, झाले दोन हजार! पण पहिली गाळणी शिगोशीग होती, पुढच्या सैल वाटल्या. पुढच्या प्रत्येकीत 80च असतील तर एकूण भरतात 1,695. यात फसवणूकच असते असं नाही; हात दमतो, पाणी कमी-जास्त निथळतं. पण खाद्य माशांच्या संख्येवर आणि वजनावर ठरतं. 1,695 माशांना 2,000चं खाद्य म्हणजे 18 टक्के जास्त. न खाल्लेलं तळाशी कुजतं, पाण्यातला प्राणवायू खातं आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडायला लागतात.

यंत्रानं मोजायच्या दोन वाटा आहेत. एकीत मासे अरुंद पन्हाळीतून सोडतात आणि प्रकाशाची रेघ जितक्यांदा तुटेल तितके मासे धरतात. दोन मासे चिकटून गेले की एकच धरला जातो. दुसरी वाट कॅमेऱ्याची. मी बीसीएला आहे, म्हणून हीच करून पाहिली.

स्टीलची परात चमकली, फोटो वाया गेले. मग पांढरा प्लॅस्टिकचा ट्रे घेतला, पाणी दोन बोटं. एक गाळणी त्यात ओतून हातानं तीनदा मोजली: 83. माझा प्रोग्रॅम पांढऱ्यावरचे काळे डाग मोजायचा, तो म्हणाला 71. एकमेकांवर आलेल्या माशांचा एकच डाग होत होता. मोठ्या डागाला एका माशाच्या सरासरी क्षेत्रफळानं भागलं तर आकडा 94वर गेला, कारण आता सावल्याही मासे झाल्या होत्या! उजेड दोन्ही बाजूंनी दिला, लागोपाठ पाच फोटो काढले (मासे हलतात, सुटे होतात) आणि पाच आकड्यांतला मधला घेतला. 81.

गर्दीसाठी याहून चांगली रीत आहे. 2010 साली लेम्पित्स्की आणि झिसरमन यांनी ती मांडली. मासा वेगळा ओळखायचाच नाही. फोटोच्या प्रत्येक भागात दाटी किती हे संगणकाला शिकवायचं आणि सगळ्या दाटीची बेरीज घ्यायची. पण शिकवण्यासाठी शेकडो फोटोंवर माणसानंच एकेका माशावर ठिपका द्यावा लागतो. म्हणजे कंटाळवाणं मोजणं काही सुटत नाही, ते आधी करून ठेवायचं एवढंच.

यंदा मामांनी ट्रे सोबत घेतला. विक्रेत्यानं विचारलं, ‘‘फोटोला वेळ किती?’’ गाळणीमागे अर्धा मिनिट, मी म्हटलं. एकवीसही गाळण्यांना तो तयार झाला नाही. पाचांवर तोडगा निघाला, पण कुठल्या पाच ते मी मध्येच सांगणार, या अटीवर.