अडवू नये ते आणि आवरावे ते

आयुर्वेद म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काढे, चूर्णे आणि भस्मे उभी राहतात. आणि योग म्हटले की शीर्षासन घातलेला एखादा कृश योगी. गेल्या वर्षापर्यंत या दोन शास्त्रांशी माझीही ओळख एवढीच होती. संस्कृत हा विषय घेतलेला असूनही चरकाचे नाव मी केवळ एका गुणाच्या प्रश्नापुरते पाठ केले होते. पुढे दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत मी आजारी पडले, एक पेपर बुडाला आणि त्या निमित्ताने चरकसंहितेतील एक अध्याय भाषांतराच्या आधाराने मुळातून वाचला. त्या एका अध्यायाविषयी, आणि त्याला जोडून वाचलेल्या योगातील काही विचारांविषयी प्रस्तुत लेखात लिहायचे आहे. माझ्या आजाराचा उल्लेख करावा की न करावा, हा संकोच लिहायला बसताना बराच वेळ होता. पण संकोच हेच त्या आजाराचे मूळ असल्यामुळे तो बाजूला ठेवूनच लिहिते.

मी रोज गावाहून एस. टी.ने येते. सकाळी सव्वासहाला घर सोडायचे. परतायला तीन वाजतात. वाटेतल्या स्थानकावरच्या स्वच्छतागृहात पाय ठेववत नाही. कॉलेजातल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला त्या वेळी बहुधा कुलूप असे, आणि शिपाईमामांकडे किल्ली मागायची लाज वाटे. यावर आम्ही ये-जा करणाऱ्या मुलींनी एक सोपा उपाय काढला होता : पाणीच प्यायचे नाही. हा उपाय कोणी कोणाला शिकवला नव्हता, तरी सगळ्यांना येत होता. मार्चमध्ये ऐन परीक्षेत मला थंडी वाजून ताप भरला, ओटीपोटात कळा येऊ लागल्या. तालुक्याच्या गावी डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासून घेतली, मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झाल्याचे सांगितले आणि गोळ्या लिहून दिल्या. "दिवसभरात पाणी किती पितेस?" त्यांनी विचारले. "पिते की भरपूर," मी म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "कॉलेजच्या सगळ्या मुली मला हेच सांगतात," त्या म्हणाल्या.

बरी होऊन परत आल्यावर आमच्या विभागातील बाईंना मी खरे काय ते सांगितले. त्यांनी मला रागावले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, यावर चरकाने अख्खा एक अध्याय खर्ची घातला आहे. वाचून तर बघ."

हा अध्याय म्हणजे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा, 'नवेगान्धारणीय' या नावाचा. वेग म्हणजे शरीरात आपोआप उठणारी प्रेरणा. असे तेरा वेग तेथे मोजले आहेत : मूत्र, मल, शुक्र, अपानवायू, उलटी, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमाने लागलेली धाप. शहाण्या माणसाने हे वेग अडवू नयेत, असे सांगून आचार्य थांबत नाहीत. कोणता वेग अडवला असता काय होते आणि त्यावर उपाय कोणता, हे ते एकेक घेऊन सांगतात. लघवी अडवली तर मूत्राशयात कळ येते, लघवीला त्रास होतो, डोके दुखते, माणूस पोटाशी वाकतो. हे वाचताना मार्चमधली मी मला समोर दिसली. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही, सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात, हाच विषय आला आहे. त्या अध्यायाचे नाव 'रोगानुत्पादनीय', म्हणजे रोग उत्पन्नच होऊ नयेत यासाठीचा. नावातच सारे आले.

या यादीत आपल्या विद्यार्थिजीवनाचे चित्रच आहे. सकाळी न खाता निघून दोन वाजेपर्यंत उपाशी राहणारे आपल्यात किती आहेत! भूक अडवल्याने कृशता, दुर्बलता, अंगदुखी, अन्नावरची वासना जाणे आणि चक्कर ही लक्षणे सांगितली आहेत. उपाय म्हणून स्निग्ध, गरम आणि हलके अन्न. साधा तूप-मेतकूट-भात, दुसरे काय! झोप अडवली तर जांभया, अंग मोडून येणे, झापड आणि डोळ्यांचे जडपण. उपाय, झोप घेणे आणि अंग चेपून घेणे. परीक्षेच्या काळात रात्र जागवणे हा आपण पराक्रम समजतो. वाग्भटाने मात्र एक व्यवहारी सवलत ठेवली आहे : जागरण घडलेच, तर जितका वेळ जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी काही न खाता झोपावे. शरीराच्या आतील घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. झोपेची वेळ मोडली की केवळ डोळेच नव्हे, सारे शरीर बिघडते, ही गोष्ट आता प्रयोगशाळेतूनही पुढे आली आहे.

पण मला सर्वांत अधिक विचार करायला लावला तो अश्रूंच्या वेगाने. रडणे अडवले तर सर्दी, डोळ्यांचे विकार, हृदयाचा विकार, अरुची आणि भ्रम होतो, असे आचार्य म्हणतात. त्यावर सांगितलेल्या उपायांत झोप आहे आणि प्रिय अशा गोष्टी बोलणे आहे. आमचे आजोबा गेले तेव्हा माझी आत्या दोन दिवस कोरड्या डोळ्यांनी आल्यागेल्याचा चहा करीत होती. तिसऱ्या दिवशी तिला हुंदका फुटला. बायका "गप, गप" म्हणू लागल्या, तेव्हा माझी आजी, जिचे स्वतःचे कुंकू पुसले गेले होते, ती म्हणाली, "रडू दे तिला. कुणी अडवू नका." मग संध्याकाळी तिनेच आत्याला जवळ बसवून आजोबांच्या तरुणपणच्या गमती सांगितल्या. आजीने चरक वाचला नव्हता; तिला अक्षरओळखही जेमतेमच. शास्त्र आपल्याकडे पोथीत होते तसे माजघरातही होते, हे त्या दिवशी नव्हे, पण हा अध्याय वाचताना मला उमगले.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. जुन्या ग्रंथात लिहिले म्हणून प्रत्येक वाक्य आज जसेच्या तसे घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. शिंक अडवल्याने तोंड वाकडे होते, असेही तेथे आहे. आजचा डॉक्टर ते मान्य करणार नाही. जंतू ही वस्तूच त्या काळी ठाऊक नव्हती. माझा ताप उतरला तो डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी, आणि त्या मी सांगितल्या तितके दिवस पूर्ण घेतल्या. 'आयुर्वेदिक' असा शिक्का आहे म्हणून वाटेल ते पोटात घेणेही धोक्याचे. 2004 साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतील 14 उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. तेव्हा औषध हा वैद्य-डॉक्टरांचा प्रांत; तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. आपल्यासारख्यांनी घ्यायचे ते आजार होऊ नये म्हणून सांगितलेले रोजचे वागणे. आणि पाणी कमी पिणे व लघवी तासन् तास अडवून धरणे यांमुळे संसर्गाला वाव मिळतो, याविषयी आजचे डॉक्टर आणि चरक यांच्यात मतभेद नाही.

आता या अध्यायाचा दुसरा भाग. शरीराचे वेग अडवू नका असे सांगून झाल्यावर आचार्य लगेच दुसरी यादी देतात, ती आवरावयाच्या वेगांची. मनाचे वेग : लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, निर्लज्जपणा, मत्सर, अति आसक्ती आणि दुसऱ्याच्या वस्तूची हाव. वाणीचे वेग : कठोर बोलणे, फार बोलणे, चहाडी, खोटे बोलणे आणि अवेळी बोलणे. शरीराचे वेग : परपीडा, व्यभिचार, चोरी, हिंसा. आरोग्याच्या ग्रंथात चहाडीचा उल्लेख पाहून मी प्रथम हसले. मग हसू थांबले. कारण आदल्याच आठवड्यात एका मैत्रिणीवर रागावून मी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांत कठोरपणा होता, चहाडी होती, थोडे खोटेही होते, आणि वेळ होती तिच्या तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्रीची. म्हणजे वाणीच्या पाचांपैकी चार वेग मी एका दमात सोडले होते! लघवीचा वेग मी सात-आठ तास अडवू शकत होते. रागाचा वेग मात्र मला अर्धा मिनिटही आवरला नाही.

माझ्या मते आपल्या आजच्या जीवनातले असंतुलन ते हेच. अडवू नये ते आपण अडवतो आणि आवरावे ते मोकळे सोडतो. भूक, तहान, झोप, अश्रू यांना 'थांबा' म्हणतो. मत्सर, भय आणि जीभ यांना दार उघडे.

परंतु आवरायचे कसे? रागाला नुसते दाबले तर तो आत धुमसतो, हा सर्वांचा अनुभव. येथे योगशास्त्र मदतीला येते. पतंजलींनी योग म्हणजे चित्तवृत्तींचा निरोध असे म्हटले, त्यावरून योग म्हणजे मन दडपणे, असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात निरोधाचे उपाय म्हणून त्यांनी अभ्यास आणि वैराग्य ही जोडी सांगितली आहे. साऱ्या योगसूत्रांत आसनांवर अवघी तीन सूत्रे आहेत, आणि तीही आसन स्थिर आणि सुखाचे असावे, ताण सोडावा, याच अर्थाची. योगमार्गातील नऊ अडथळे सांगताना पहिला अडथळा म्हणून व्याधीचे नाव येते. शरीर दुर्लक्षून मन साधत नाही, हे त्यांनाही मान्य होते. मन विक्षिप्त झाले की श्वासही विस्कळीत होतो, असे सांगून पुढे ते श्वास सावकाश बाहेर सोडून मन स्थिर करण्याचा मार्ग सुचवतात. वाईट विचार सतावू लागला तर त्याच्या उलट विचार मुद्दाम मनात आणावा, हाही त्यांचाच उपाय. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी आनंद आणि पाप्याविषयी उपेक्षा, ही चौकट तर वसतिगृहाच्या खोलीत भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे.

या गोष्टी केवळ श्रद्धेवर सोडू नयेत, तपासून पाहाव्यात, असे मानणारे स्वामी कुवलयानंद आपल्या महाराष्ट्रातच होऊन गेले. 1924 साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि क्ष-किरणांसारख्या साधनांनी यौगिक क्रियांचा शरीरावरील परिणाम अभ्यासला. त्यांची दृष्टी आपण उचलावी : करून पाहावे, मोजावे, मग मानावे.

मी काय करून पाहिले, ते थोडक्यात सांगते. चरकाच्या त्याच अध्यायात आणखी एक मोलाची सूचना आहे. वाईट सवय एकदम तोडू नये. तिचा एकेक चतुर्थांश सोडत जावे आणि तेवढाच भाग चांगल्या सवयीचा धरत जावे, मध्ये दिवसांचे अंतर ठेवून. पूर्वी एका उत्साहाच्या भरात मी पहाटे चारला उठायचा निश्चय केला होता, तो पाचव्या दिवशी मोडला. या वेळी रात्री एकला झोपण्याची सवय मी अर्ध्या-अर्ध्या तासाने मागे आणली. अकरापर्यंत यायला तीन आठवडे लागले, पण ती टिकली. पाण्याची बाटली रोज बरोबर असते. सूर्यनमस्कार बारा घालते. व्यायाम अंगात असलेल्या बळाच्या निम्म्यानेच करावा असे वाग्भट सांगतो, म्हणून आकडा वाढवण्याच्या फंदात पडत नाही. आणि रागाने बोट फोनकडे गेले की आधी दहा श्वास सावकाश सोडते. दहाव्या श्वासापर्यंत लिहायचे शब्द बहुतेक वेळा बदललेले असतात. नेहमीच नव्हे, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. त्या मैत्रिणीची मी क्षमा मागितली. ती बोलते, पण पूर्वीसारखी नाही. सोडलेला वेग परत घेता येत नाही.

बाईंनी आमच्या वतीने शब्द टाकल्यानंतर मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली आता मुलींच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते. कोणाला विचारावे लागत नाही. गोष्ट लहान आहे, पण तिच्यातून मला एक मोठी गोष्ट कळली. शरीराचे वेग अडवू नका, असे शास्त्राने कितीही सांगितले, तरी दाराला कुलूप असेल तर मुलीने काय करायचे? आरोग्य हे एकट्या माणसाच्या निग्रहाने मिळत नाही. त्यासाठी भोवतालच्यांनीही थोडे शहाणे व्हावे लागते. कोणी रडत असेल तर त्याला रडू देणे, कोणी भुकेला असेल तर आपला डबा पुढे करणे आणि जिथे कुलूप असेल तिथे किल्ली मागणे, हेही स्वस्थवृत्तच.

पहिल्या वर्षाला नव्याने आलेल्या मैत्रिणींना म्हणून एवढेच सांगते : किल्ली खिडकीच्या उजव्या बाजूला आहे. आणि पाणी पीत जा.