कर्दळीचा कंद : दात्यांस एक सूचना

या फंडास साहाय्य करणाऱ्या व्यापारी व जमीनदार गृहस्थांपैकीं पुष्कळांच्या अंगणांत कर्दळीचा ताटवा असतो. पण फुलांपलीकडे तिचा उपयोग सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील पेरू, इक्वेडोर वगैरे देशांत ‘आचिरा’ या नांवानें तिचे कंद प्राचीन काळापासून खाण्यांत आहेत, आणि व्हिएतनाममध्यें त्यांच्या सत्त्वाच्या शेवया करितात.

लागवडीस बीं नको. डोळा असलेला कंदाचा तुकडा पावसाळ्याच्या तोंडीं लावावा. सहा-आठ महिन्यांत कंद काढणीस येतात. फार जून झाल्यास ते चिवट होतात. विहिरीच्या थारोळ्याचें किंवा न्हाणीचें वायां जाणारें पाणी या कामीं लावावें. ओलाव्यावांचून मात्र कर्दळ पोसत नाहीं. यास्तव कोरडवाहू माळावर ती लावण्यांत फंडाचा पैसा घालूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. शिवाय, बागेंतील मोठ्या फुलांच्या संकरित जाती शोभेसाठींच निपजविलेल्या असतात. अन्नासाठीं लहान तांबड्या फुलांची, जाड कंदाची जात घ्यावी.

कंद बराच वेळ उकडून किंवा भाजून खावे. सत्त्व काढणें असल्यास ते धुवून किसावे, कीस पाण्यांत कालवून फडक्यानें गाळावा व पाणी निवूं द्यावें. या सत्त्वाचे कण मोठे असल्यामुळें तें लवकर तळाशीं बसतें. वरचें पाणी ओतून दोन-तीन वेळां धुतलें व उन्हांत वाळविलें, म्हणजे तवकिरीसारखें पांढरें पीठ होतें. पाला गुरांस चालतो.

परंतु या सत्त्वांत पिठूळपणाखेरीज फारसें पोषण नाहीं. नुसत्या पेजेवर ठेविलेलें मूल खंगत जाईल. डाळ व धान्य यांसाठीं मागितलेली वर्गणी या सूचनेमुळें कमी होतां कामा नये.

दुसरी गोष्ट अधिक जोखमीची आहे. सुंदर फुलाचा प्रत्येक कंद खाद्य नसतो. कळलावीचें फूल कर्दळीहून मोहक, पण तिचा कंद प्राणघातक आहे. भुकेलेला मनुष्य रानांत खणतांना असा विवेक करीत बसत नाहीं. म्हणून बेण्यासाठीं कंद देणाऱ्यांनीं फुलावर असलेलें झाड आमच्या माणसास दाखवावें आणि मगच तें खणावें. खणून ठेवलेले, ओळख न पटणारे कंद घेतले जाणार नाहींत.