अवरक्त छायाचित्रण : फिल्म व फिल्टर यांची जोडी

लोणी भापकरच्या मल्लिकार्जुन मंदिराची पुष्करिणी टिपताना मी एकदा छत्तीस छायाचित्रांचा संपूर्ण रोल वाया घालविला. धुतल्यावर फिल्म कोरी निघाली. कॅमेरा निर्दोष होता, ऊन लख्ख होते. चुकली होती ती फिल्म आणि फिल्टर यांची जोडी. आपल्या विद्यालयाचे जे माजी विद्यार्थी आज छायाचित्रणाचा छंद जोपासतात, त्यांचा तरी रोल वाचावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

मानवी डोळ्यास सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. त्यापलीकडील ते अवरक्त किरण. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९१० साली या किरणांनी टिपलेली निसर्गदृश्ये जगापुढे मांडली. त्यांत झाडे हिमाच्छादित असावीत तशी शुभ्र आणि आकाश काळे होते. हरितद्रव्य हे किरण फारसे शोषत नाही व पानातील पेशींची रचना ते परतविते. निरभ्र आकाश मात्र ते क्वचितच विखुरते. ही फिल्म उष्णता टिपते, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नव्हे. शरीराच्या उष्णतेचे तरंग याहून कितीतरी लांब असतात.

साधी कृष्णधवल फिल्म ६५० नॅनोमीटरच्या आसपास आंधळी होते. इल्फर्डची एसएफएक्स २०० सुमारे ७४० पर्यंत पाहते, तर रोलाय इन्फ्रारेड ४०० सुमारे ८२० पर्यंत. कोडॅकची हाय स्पीड इन्फ्रारेड ९०० पर्यंत जात असे, आणि तिच्यात पानांभोवती जे धूसर तेज पसरे ते इतर कोणत्याही फिल्मला साधले नाही. २००७ मध्ये तिचे उत्पादन थांबले. जुने रोल कोणी देऊ केल्यास मोहात पडू नये. मुदत उलटलेली अशी फिल्म धुरकटते.

फिल्म वरची सीमा ठरविते, फिल्टर खालची. २५ क्रमांकाचा लाल फिल्टर सुमारे ६०० च्या पुढील प्रकाश सोडतो, आर७२ हा ७२० च्या, आणि ८७सी साधारण ८०० च्या पुढील. मी एसएफएक्सवर ८७सी लावला होता! फिल्म ७४० ला थांबते आणि फिल्टर ८०० ला दार उघडतो. मग प्रकाश येणार कोठून? एसएफएक्सला आर७२ चालतो, पण फट अगदी अरुंद राहते. लाल २५ लावल्यास आकाश गडद येते, पाने मात्र जेमतेम उजळतात. माझ्या मते नवशिक्याने रोलाय आणि आर७२ हीच जोडी घ्यावी.

आर७२ मधून डोळ्यास जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवून आधी फोकस साधावा, जुन्या भिंगावरील लाल खुणेशी ते अंतर जुळवावे, मगच फिल्टर चढवावा. प्रकाशमापकावर विसंबू नये. फिल्मचा वेग १२ धरून भर उन्हात एफ ११ ला १/३० सेकंदापासून आरंभ करावा आणि त्याच दृश्याची १/१५, १/८ व १/४ सेकंदांची छायाचित्रेही घ्यावीत. रोल सावलीतच भरावा.

बारामतीच्या या जिरायत पट्ट्यात पावसाळा सरल्यावर, आश्विन-कार्तिकात जावे. तेव्हा पालवी भरलेली असते, आकाश धुतलेले असते आणि पाणी काळेभोर उमटते. सावलीतील कोरीवकामासाठी मात्र साधी फिल्मच घ्यावी. सावलीत अवरक्त प्रकाश फार थोडा असतो आणि मूर्तीचे बारकावे काळोखात बुडतात.