सरणावर देहाचे काय होते?

सरण पेटून थोडा वेळ होतो आणि प्रेताचा हात कोपरात वाकून वर येतो. स्मशानभूमीतून परतताना कुजबुज सुरू होते, "जीव अडकला होता", "कोणीतरी काहीतरी केले होते". आधीच दुःखात असलेल्या घराला त्यानंतर कित्येक रात्री झोप लागत नाही. म्हणून सरणावर नेमके काय घडते, ते आपण समजून घेऊ.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ६० टक्के पाणी असते. आगीत आधी केस आणि कातडी जळते, मग हे पाणी वाफ होऊन निघू लागते. उष्णतेने स्नायू आक्रसतात. हातपाय वाकवणारे स्नायू ते सरळ करणाऱ्या स्नायूंपेक्षा जोरकस असल्यामुळे कोपर, गुडघे वाकतात, मुठी आवळल्या जातात. मेंदू केव्हाच थांबलेला असतो, वेदना नसते. हे फक्त स्नायूंचे आकुंचन आहे. यावरून कोणावर करणीचा आळ घेणे चुकीचे आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे.

पुढे शरीरातील चरबी स्वतःच इंधनासारखी जळते. छाती आणि कंबरेचा भाग जाड असल्याने शेवटी जळतो. हाडातील प्रथिने जळून गेली की हाड आधी काळे, मग राखाडी आणि पुरेशा उष्णतेत पांढरे होते. उरतो तो मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट हा खनिज पदार्थ. त्यालाच आपण अस्थी म्हणतो. बौद्ध परंपरेत अस्थींना 'धातू' म्हणतात. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. त्यांचे अस्थिधातू चैत्यभूमीत आहेत.

राखेतून रोग पसरतो का? नाही. एवढ्या उष्णतेत जंतू टिकत नाहीत. कोरोनाच्या काळात भीतीपोटी अनेकांनी आपल्या माणसाच्या अस्थीही आणल्या नाहीत. मार्च २०२० च्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांत मात्र राखेपासून धोका नाही, अस्थी गोळा करता येतात, असे स्पष्ट म्हटले होते.

धोका असतो तो दुसऱ्या गोष्टींचा :

• कालकथित व्यक्तीच्या छातीत पेसमेकर असेल, तर दवाखान्यातच डॉक्टरांना सांगून तो काढून घ्यावा. आगीत त्याची बॅटरी फुटू शकते. हाडात बसवलेली सळई किंवा कृत्रिम सांधा फुटत नाही, तो राखेत सापडतो.

• पावसाळ्यात ओली लाकडे पेटत नाहीत म्हणून टायर, प्लास्टिक वापरू नये. त्याचा धूर विषारी असतो. पेटत्या सरणावर रॉकेल ओतू नये. ओतणाराच भाजतो.

• धूर ज्या दिशेने जातो त्या बाजूला उभे राहू नये. दमा असलेल्यांनी व लहान मुलांनी लांबच थांबावे.

सरण रचण्याआधी आणखी एक विचार करावा. मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत नेत्रदान करता येते. पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके थोडे उंच करावे आणि लगेच नेत्रपेढीला कळवावे. नेत्रदानानंतर नेहमीप्रमाणे दहन करता येते. कोणाला संपूर्ण देहदान करायचे असेल, तर आपल्याजवळ सावंगी मेघे आणि सेवाग्राम येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे जिवंतपणीच चौकशी करून, अर्ज भरून, घरच्यांना सांगून ठेवावे. ऐनवेळी घरात वाद होतात.

देह अनित्य आहे हे आपण वंदनेत ऐकतोच. सरणावर तेच डोळ्यांनी दिसते, त्यात भिण्यासारखे काही नाही. पुढच्या वेळी स्मशानभूमीत कोणी कुजबुजले, तर शेजारी उभ्या राहून हे शांतपणे सांगा. त्या घरातील आईला तेवढा तरी आधार होईल.