सहल, मोबाईल आणि कुड्याचे पान



गेल्या वर्षी धर्मशिक्षणाच्या मुलांची सहल आम्ही तुंगारेश्वरच्या पायथ्याशी नेली होती. दोघांत मिळून एक मोबाईल, त्यात ‘सीक’ नावाचे ॲप. कॅमेरा पानाफुलावर धरला की ते नाव सांगते. दुपारपर्यंत मुलांनी वीसेक नावे जमवली. परतल्यावर आम्ही सहज विचारले, “कुड्याच्या पानाचा देठ मोडला तर काय होते?” सगळे गप्प. सोबत आलेल्या एका आजी हसून म्हणाल्या, “अरे, पांढरं दूध येतं!” नाव सर्वांकडे होते, पान मात्र कोणी हातात घेतले नव्हते. चूक मुलांची नव्हे, सहल आखणाऱ्या आमची होती.

मग यंत्र नकोच काय? इंग्लंडमध्ये २००२ च्या सुमारास ससेक्स व इतर विद्यापीठांच्या संशोधकांनी ‘अँबियंट वुड’ नावाचा एक प्रयोग केला. अकरा-बारा वर्षांची मुले जोडीजोडीने खऱ्या रानात सोडली. एकाच्या हाती उजेड व ओलावा मोजणारी कांडी, दुसऱ्याच्या हाती छोटा संगणक. कांडी शेवाळात खुपसा, झाडाच्या सावलीत धरा, मोकळ्या जागी धरा. पडद्यावर कमी-जास्त किती ते चित्राने दिसे. रानातील आवाज म्हणून जे कधीच कानी पडत नाही, ते मुळांचे पाणी शोषणेही एका कर्ण्यातून ऐकवले जाई. शेवटी सर्वांची मोजमापे रानाच्या एकाच नकाशावर मांडून, इथे हे झुडूप का आणि तिथे का नाही, यावर मुले बोलत. ती कांडी झाडाचे नावगाव सांगत नसे. मुलालाच वाकावे लागे, हात लावावा लागे. आम्हांला हेच महत्त्वाचे वाटते.

‘सीक’लाही आम्ही दोष देत नाही. खात्री नसेल तेव्हा ते जातीचे नाव न देता नुसत्या कुळावर थांबते. हा प्रामाणिकपणा आम्हां शिक्षकांनाही शिकण्यासारखा आहे! शिवाय मुलांना त्यात नावनोंदणी करावी लागत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात डिजिटल गर्दीत खोल विचार हरवू शकतो असे बजावले आहे (परिच्छेद ४७). आणि प्रभू येशूने शिष्यांना रानातील फुले कशी वाढतात हे निरखायला सांगितले (मत्तय ६:२८). त्यांची नावे विचारली नाहीत.

यंदा सहलीत क्रम उलटा राहील. आधी पान चुरगाळून वास घ्यायचा, खोडावर हात फिरवायचा, वहीत चित्र काढून आपला अंदाज लिहायचा, मोबाईल त्यानंतर. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळल्यावर हात लाल होतो, हे मुलांना आधी सांगू नये, ही पालकांना विनंती. रानात रेंज नसते, तेव्हा ॲप घरूनच उतरवून आणावे. आजींना पुन्हा बोलावले आहे. त्या येणार आहेत.